स्टेडियमच्या भिंतीबाहेरही माणसे राहतात

माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नगर नियोजन समिती,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वस्तीला लागून होणाऱ्या नव्या स्टेडियमला आपण तत्त्वतः मंजुरी दिलीत. त्या प्रस्तावाची उपलब्ध असलेली सगळी कागदपत्रे मी वाचून काढली. वाहतुकीचा अहवाल आहे, झाडांचा आहे, सांडपाण्याचा आहे. फ्लडलाइटचा उजेड कुठपर्यंत पोचेल, याचाही नकाशा आहे. गुन्हेगारीबद्दल मात्र एकच ओळ सापडते: वर्दळ वाढल्याने परिसराची सुरक्षितता आपोआप सुधारेल. त्या ओळीला कशाचाही आधार दिलेला नाही. रहिवाशांनी लेखी हरकती घेतल्या, त्यांच्या उत्तरातही तीच ओळ पुन्हा छापून आली. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ते आपल्यासाठी आहे, आणि ज्यांच्या दारात उद्या असेच स्टेडियम येणार आहे त्या सगळ्यांसाठीही.

मी खेळाच्या विरोधात नाही. सध्या इथे जे जुने, लहान मैदान आहे, तिथे सामने बघतच मी मोठी झाले. नव्या स्टेडियमची क्षमता त्याच्या कित्येक पट असणार आहे आणि माझे घर त्याच्या नियोजित पार्किंगपासून हाकेच्या अंतरावर आहे. माझी मुलगी रात्रपाळी संपवून त्याच रस्त्याने चालत घरी येते. जुन्या मैदानावर सामना असला की गल्लीत काय होते ते मला चांगले माहीत आहे. अनोळखी गाड्या फाटकासमोर लागतात, त्यांतल्या एखाददुसरीची काच फुटलेली असते, भिंतींचा मुतारीसारखा वापर होतो, आणि कोणी पोलिसांना फोन केलाच तर सगळे मैदानावर बंदोबस्ताला गेले आहेत असे उत्तर मिळते. एका लहान मैदानाची ही गत असेल तर पुढचे चित्र काय असेल, हा प्रश्न आपल्याला पडायला हवा होता.

हा प्रश्न नवा नाही आणि त्यावर अभ्यासही झालेले आहेत. अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए मारी यांनी लंडनमधले फुटबॉल सामने आणि त्या त्या भागातल्या गुन्ह्यांच्या नोंदी जोडून पाहिल्या. त्यांचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या भागात सामना भरतो तिथे चोरीसारखे मालमत्तेचे गुन्हे वाढतात, हिंसक गुन्ह्यांत मात्र लक्षणीय बदल दिसत नाही, असे त्यांना आढळले. या वाढीचे कारणही त्यांनी शोधले. सामन्यामुळे तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. गर्दी एका जागी गोळा होते. एरवी कुठेतरी गुन्हा केला असता असे काही जण त्या वेळी सामना बघत बसलेले असतात. आणि पोलीस वस्त्यांमधून निघून स्टेडियमकडे जातात. या तिसऱ्या कारणामुळे दर जादा १०,००० प्रेक्षकांमागे मालमत्तेच्या गुन्ह्यांत ७ टक्के-बिंदूंची वाढ होते, असा त्यांचा अंदाज आहे.

हा निष्कर्ष कृपया नीट वाचा. प्रेक्षक चोर असतात असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. राखण दुसरीकडे हलवली की मागे राहिलेली घरे आणि गाड्या उघड्या पडतात, एवढेच त्यातून कळते. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९मध्ये मांडलेला सिद्धांत याच्याशी जुळतो. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी, एका ठिकाणी जमाव्या लागतात: गुन्हा करायला तयार असलेला माणूस, हाती लागेल असे लक्ष्य, आणि राखणदार नसणे. स्टेडियम हजारो लक्ष्ये आणून ठेवते. मोबाइल, पाकिटे, कुलूप लावून तासन् तास सोडून दिलेल्या गाड्या. सामना कधी सुरू होणार आणि साधारण कधी संपणार, हे सगळ्या जगाला ठाऊक असते, म्हणजे गाडीचा मालक किती वेळ परत येणार नाही हेही ठाऊक असते. त्याच वेळी आमच्या भागातली गस्त आपण काढून घेणार असाल, तर तिन्ही गोष्टी जमवण्याचे काम नियोजनानेच केले असे होईल.

बार्सिलोनामध्ये तिथल्या मोठ्या क्लबच्या घरच्या सामन्यांच्या वेळी चोऱ्या वाढतात, असे तासातासाच्या नोंदींवरून अभ्यासकांनी दाखवले. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल (आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ) सामन्यांवर डॅनियल रीस आणि केव्हिन श्नेपेल यांचा अभ्यास २००९मध्ये आला. यजमान गावांत सामन्याच्या दिवशी मारहाणीच्या घटना सुमारे ९ टक्क्यांनी आणि तोडफोडीच्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दिसले. अनपेक्षित निकाल लागला की वाढ सर्वांत मोठी. म्हणजे लंडनमध्ये हिंसा वाढली नाही, पण अमेरिकेतल्या त्या गावांत वाढली. हा फरक माझ्या मते फार महत्त्वाचा आहे. स्टेडियम आले की अमुक इतके गुन्हे वाढणारच, असा कुठलाही नियम नाही. दारू कुठे आणि किती वेळ मिळते, लोक कुठून येतात, कसे परत जातात, पोलीस कसे वागतात, यावर ते ठरते. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा निर्णय पायाभरणीच्या आधी, आपल्या टेबलावर होतो.

आता माझे आक्षेप.

पहिला म्हणजे आपल्या सुरक्षा आराखड्याची हद्द स्टेडियमच्या भिंतीपाशी संपते. आत किती कॅमेरे, किती प्रवेशद्वारे, किती स्वयंसेवक, सगळे मोजलेले आहे. भिंतीबाहेरच्या रस्त्यांवर काय होईल याचे एक पानही नाही. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ११ जुलै २०२१ रोजी युरो या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. जगातल्या सर्वांत अनुभवी व्यवस्थापनांपैकी एकाच्या हातात ते स्टेडियम होते. तरीही सुमारे २,००० लोक तिकिटाशिवाय आत घुसले. या घटनेची चौकशी बॅरोनेस लुईस केसी यांनी केली. गर्दी सामन्याच्या कितीतरी तास आधीपासून बाहेरच्या रस्त्यांवर जमत होती, पीत होती, बेफाम होत होती. आत जे घडले त्याची तयारी बाहेर दिवसभर चालली होती. ज्या आराखड्यात बाहेरचा रस्ताच नाही, तो आतल्या प्रेक्षकालाही वाचवू शकणार नाही.

दुसरा आक्षेप पोलिसांबद्दलचा. आमच्या भागाला किती कर्मचारी नेमलेले आहेत, सामन्याच्या दिवशी त्यांतले किती बंदोबस्ताला जातील आणि त्यांच्या जागी कोण येईल, याचे उत्तर आम्हाला कोणीही दिलेले नाही. बंदोबस्त वाढवू, असे सांगितले जाते. पण बंदोबस्त आणि गस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेडियमच्या दारावर पाचशे पोलीस उभे राहिले तरी मागच्या गल्लीत एकही नसेल, तर आमच्या दृष्टीने पोलीस कमीच झाले.

तिसरा आक्षेप मोकळ्या दिवसांचा आहे, आणि याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. स्टेडियम म्हणजे सामन्याचा दिवस, असेच सगळे धरून चालतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला क्लब एका हंगामात आपल्या मैदानावर १९ सामने खेळतो. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये साखळी फेरीत घरचे सामने ८ किंवा ९ असतात. त्यात चषकाचे सामने आणि गाण्यांचे कार्यक्रम मिळवले, तरी वर्षातले बहुतेक दिवस ही प्रचंड वास्तू बंदच असते. एका बाजूला लांबच लांब खिडकीविरहित भिंत, दुसऱ्या बाजूला ओसाड पार्किंग. जिथे घरे होती, दुकाने होती, कोणीतरी उंबऱ्यात बसलेले असायचे, तिथे सूर्य मावळला की चिटपाखरूही नसते. माझ्या मुलीसारख्या बाईला चाळीस हजारांच्या गर्दीपेक्षा या मोकळ्या दिवसांची भीती जास्त वाटते. वर्दळीने सुरक्षितता वाढते असे आपला अहवाल म्हणतो. मग ती वर्दळ मंगळवारी रात्री कुठून आणणार?

त्या पार्किंगच्या जागेत आज शंभरेक कुटुंबे राहतात, त्यांना दुसरीकडे हलवण्याचे ठरले आहे. ही कुटुंबे गेल्यावर तिथल्या तक्रारी अर्थातच कमी होतील, कारण तक्रार करायला कोणी उरणारच नाही. उद्या तो आकडा प्रकल्पाचे यश म्हणून आमच्यासमोर ठेवला जाऊ नये. गरिबाला उठवून दुसऱ्या टोकाला नेले म्हणजे गुन्हा संपला असे होत नाही. उलट त्याला ओळखणारे, त्याच्या घरावर नजर ठेवणारे शेजारी तुटतात.

आकड्यांचा आणखी एक गोंधळ आत्ताच मिटवायला हवा. गुन्ह्यांचा दर साधारणपणे दर लाख रहिवाशांमागे काढतात. सामन्याच्या दिवशी आमच्या भागात रहिवाशांच्या कित्येक पट माणसे असतील, त्यामुळे तो दर फुगलेला दिसेल आणि आमची वस्ती गुन्हेगारीची म्हणून बदनाम होईल. दुसरीकडे वर्षभराची सरासरी काढली, तर सामन्याच्या चार तासांतली वाढ ३६५ दिवसांत पसरून दिसेनाशी होईल. पहिल्या हिशोबात आमच्यावर शिक्का बसतो, दुसऱ्यात आमचे दुखणे लपते. वेम्ब्लीभोवतीच्या गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी सामन्याचे दिवस आणि तशाच पण सामना नसलेल्या दिवसांची तुलना केली. तीच सरळ पद्धत आहे. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी पोलिसांकडे असतातच, फक्त त्या तास आणि ठिकाणानुसार वेगळ्या काढाव्या लागतात.

शिवाय एक गोष्ट वर्षे गेल्यावर उमगते. पॅट्रिशिया आणि पॉल ब्रँटिंगहॅम या अभ्यासकांनी १९९५मध्ये जागांचे दोन प्रकार सांगितले. काही ठिकाणी केवळ गर्दीमुळे संधी निर्माण होते आणि एखादा ती साधतो. काही ठिकाणांचा मात्र नावलौकिकच असा होतो की चोरी करण्यासाठी लोक मुद्दाम तिथे येतात. पहिल्या प्रकारची जागा दुर्लक्ष झाले की दुसऱ्या प्रकारची होऊ शकते. म्हणून पहिल्या हंगामात फारसे काही घडले नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

पुढचा आक्षेप पैशांचा. तिकिटांचे, जाहिरातींचे, प्रक्षेपणाचे उत्पन्न क्लबला आणि आयोजकांना. रस्त्यावरच्या बंदोबस्ताचा खर्च कोणाच्या माथी? इंग्लंडमध्ये लीड्स युनायटेड क्लब आणि वेस्ट यॉर्कशायर पोलीस यांच्यातला खटला अपील न्यायालयापर्यंत गेला. क्लबची मालकी, भाडेपट्टा किंवा ताबा नसलेल्या आजूबाजूच्या रस्त्यांवरच्या बंदोबस्ताचे पैसे क्लबकडून घेता येणार नाहीत, असा निकाल २०१३मध्ये लागला. म्हणजे तिथे भिंतीबाहेरचा भार जनतेवर पडला. जर्मनीत ब्रेमेन राज्याने वेगळी वाट धरली. ५,०००पेक्षा जास्त प्रेक्षक अपेक्षित असलेल्या, नफ्यासाठी भरवलेल्या आणि हिंसेचा धोका असलेल्या कार्यक्रमांसाठी जादा पोलीस लागले, तर त्याचे शुल्क आयोजकांकडून घेण्याची तरतूद त्या राज्याने २०१४मध्ये केली. फुटबॉल लीगने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि वर्षानुवर्षे लढा दिला. १४ जानेवारी २०२५ रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. दोन्ही उदाहरणांतून मला एकच गोष्ट दिसते: जबाबदारी आधी लिहून घेतली नाही तर नंतर वकिलांची फौज उभी राहते. आपण जमीन अजून हस्तांतरित केलेली नाही. अटी घालण्याची ताकद आज आपल्या हातात आहे, करारावर सही झाल्यानंतर ती राहणार नाही.

दारूबद्दल थोडक्यात. स्टेडियमभोवती किती परवाने देणार आणि सामन्याच्या दिवशी विक्री कधी थांबवणार, हे परवाना विभागाचे काम आहे म्हणून आपण बाजूला ठेवले आहे. ते बाजूला ठेवता येणार नाही.

माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सांगते. प्रत्येक वाईट गोष्ट स्टेडियमच्या खात्यावर टाकू नये. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवरून २०११मध्ये दाखवले की जिंकण्याची खात्री असलेला स्थानिक संघ हरला, की घरात बायकोला मारहाण होण्याच्या घटना सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. पण ते टीव्हीसमोर बसलेल्या घरांतही घडते. स्टेडियम शहराच्या दुसऱ्या टोकाला नेले म्हणून त्या बाईची सुटका होत नाही. तिच्यासाठी सामन्याच्या रात्री मदतवाहिनीवर पुरेशी माणसे असायला हवीत. ही मागणी स्टेडियमची जागा कुठलीही ठरली तरी कायम राहील.

आणि एक भीती आहे. हे पत्र वाचून उत्तरादाखल आपण आमच्या गल्ल्यांना अडथळे लावाल, लाठ्या वाढवाल आणि प्रेक्षकांकडे गुन्हेगार म्हणून बघायला लागाल, तर ते मला नको आहे. इंग्लंडमध्ये हिल्सबरो स्टेडियमवर १५ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ प्रेक्षकांचे प्राण गेले. त्या काळी गर्दीकडे माणसे म्हणून न बघता दंगेखोर म्हणून बघितले जाई, कठड्यांच्या पिंजऱ्यात कोंडले जाई. दुर्घटनेनंतर दोष प्रेक्षकांवरच ढकलला गेला. त्यांचा दोष नव्हता आणि मृत्यू बेकायदेशीर कृतीमुळे झाले, हे ज्यूरीच्या तोंडून ऐकायला कुटुंबांना २०१६पर्यंत थांबावे लागले. पोर्तुगालमध्ये २००४च्या युरो स्पर्धेत जिथे पोलीस नेहमीच्या गणवेशात, दोघा-दोघांच्या जोडीने गर्दीत मिसळून लोकांशी बोलत होते, तिथे स्टेडियम असलेल्या शहरांत इंग्लंडच्या समर्थकांचे वर्तन शांत राहिले. दंगलीची साधने जवळ होती, पण ती नजरेआड ठेवलेली होती. बाहेरून येणारा प्रेक्षक हा आमचा पाहुणा आहे. काच बहुतेक वेळा त्याच्याच गाडीची फुटते, पाकीट त्याचेच मारले जाते. आमची सुरक्षितता आणि त्याची सुरक्षितता वेगळी काढता येणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

अंतिम मंजुरीआधी स्वतंत्र संस्थेकडून गुन्हे-परिणाम अभ्यास करून घ्या. तो भिंतीपाशी न थांबता निदान दोन किलोमीटरच्या परिघाचा, सामन्याच्या आधीचे आणि नंतरचे तास वेगळे दाखवणारा असावा. जुन्या मैदानावरच्या सामन्याच्या आणि बिनसामन्याच्या दिवसांच्या नोंदींपासून सुरुवात करता येईल. अहवाल पूर्ण प्रसिद्ध करा, सारांश नको.

वस्तीची गस्त सामन्याच्या दिवशी काढली जाणार नाही, असे लेखी द्या. बंदोबस्ताला बाहेरून माणसे आणा.

भिंतीबाहेरच्या ठरावीक रस्त्यांवरचा बंदोबस्त, स्वच्छता, दिवे आणि तात्पुरती स्वच्छतागृहे यांचा खर्च आयोजकांनी उचलावा, ही अट जमीन देण्याच्या करारातच घाला.

पार्किंगची जागा शेवटची गाडी निघेपर्यंत राखणदारासह उघडी राहिली पाहिजे. रस्त्याकडच्या बाजूला आंधळी भिंत न बांधता वाचनालय, दवाखाना, व्यायामशाळा, दुकाने असे रोज उघडणारे काहीतरी ठेवा. आराखडा बदलायला अजून वेळ आहे. हलवण्यात येणाऱ्या कुटुंबांना याच भागात घरे द्या. त्यांच्याइतकी चांगली राखण कुठलाही कॅमेरा करणार नाही.

दारूविक्रीच्या वेळा आणि परवान्यांची संख्या याच प्रस्तावाचा भाग म्हणून ठरवा. प्रेक्षकांशी बोलणारे प्रशिक्षित पोलीस पहिल्या सामन्यापासून नेमा.

दर तीन महिन्यांनी सामन्याच्या दिवसांची आकडेवारी जाहीर व्हावी आणि ती रहिवाशांचे प्रतिनिधी असलेल्या समितीपुढे यावी. गुन्हे ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर उपाय होईपर्यंत कार्यक्रमांची संख्या कमी करण्याचा अधिकार त्या समितीला असावा. अधिकार नसेल तर ती समिती स्थापूच नका. चहापाण्याच्या बैठका आम्हाला नकोत.

ही यादी वाचून कुणी म्हणेल की एवढ्या अटी घातल्या तर गुंतवणूकदार निघून जाईल. शेजारच्या रस्त्यांची जबाबदारी घेण्याइतकाही नफा ज्या प्रकल्पात उरत नाही, त्याचा हिशोब मुळातच चुकीचा आहे असे मी मानते. तो घाटा आमच्या गाड्यांच्या काचांतून आणि आमच्या मुलींच्या भीतीतून भरून काढला जाऊ नये.

पुढच्या सर्वसाधारण बैठकीच्या कार्यपत्रिकेवर हा विषय घ्यावा, बैठक नागरिकांसाठी खुली ठेवावी आणि वरच्या प्रत्येक मागणीला होकार किंवा नकार, कारणासह, लेखी कळवावा. तोपर्यंत जमीन हस्तांतराचा ठराव मतदानाला ठेवू नये.

आपली नम्र,
प्रस्तावित स्टेडियमलगतच्या वस्तीतील एक रहिवासी